खालची कडी

कुलूपदादाच्या दुकानात गिऱ्हाईक निर्धास्त शिरायचं आणि घाबरून बाहेर पडायचं, आणि याच धंद्यावर त्याचं घर चालायचं. तो काउंटरवर एक कुलूप ठेवायचा. गिऱ्हाईक ते हातात घेऊन वजन बघायचं, खूश व्हायचं, आणि मग दादा खिशातून एक वाकडी तार काढून गप्पा मारता मारता तेच कुलूप उघडून दाखवायचा. गिऱ्हाईकाचं तोंड उतरलं की तो त्याहून महागातलं पुढे करायचा. ते मात्र तो उघडून दाखवत नसे. तेही उघडायचंच, फक्त जरा वेळ लागायचा, पण हे सांगायला तो काही खुळा नव्हता.

अडचण एवढीच होती, की महागातलं कुलूप लावून गिऱ्हाईक घरी घोरत पडायचं आणि दादा टक्क जागा असायचा. न उघडणारं कुलूप जगात नाही, हे ज्याला पक्कं ठाऊक त्याचा डोळा कसा लागणार? म्हणून स्वतःच्या घरावर त्याने सगळी विद्या पणाला लावली होती. पुढच्या दाराला बाहेरून दोन कुलपं. चौकटीला लोखंडी पट्ट्या. खिडक्यांना एवढे जाड गज की उजेडही अंग चोरून आत यायचा. मागचं दार होतं, ते त्याने विटा लावून बुजवून टाकलं. कपाटं, ट्रंका, माळा, सगळ्याला कुलूप. साखरेचा डबा तेवढा उघडा होता, तोही बायकोने दम भरला म्हणून.

या सगळ्यावर कळस म्हणजे पुढच्या दाराची आतली कडी. मनगटाएवढी जाड, आणि बसवलेली कुठे, तर दाराच्या अगदी तळाशी, उंबरठ्याला लागून. चोर दाराला भोक पाडून हात घालतो तेव्हा कडी मध्यावर शोधतो, पायाशी कोण बघणार, असा दादाचा हिशेब. त्या हिशेबात बायकोची कंबर धरलेली नव्हती. ती घरीच शिवणकाम करायची. मापं द्यायला येणाऱ्या बायका दाराबाहेर उभ्या राहून आतली खुडबुड ऐकायच्या, आणि बाई वाकून, कण्हून, कडी सरकवून दार उघडेपर्यंत त्यातल्या निम्म्या दुसऱ्या शिवणवालीकडे गेलेल्या असायच्या.

आता गंमत बघा. हाच कुलूपदादा चर्चच्या मंडळीत निर्भयतेचा मोठा साक्षीदार होता. दर थोड्या दिवसांनी उपासनेत त्याला साक्ष द्यायला उभं करायचे. बऱ्याच वर्षांपूर्वी दुकानात चोर शिरला, आपण भीतीने गारठलो, प्रभूचा धावा केला, आणि त्या क्षणापासून भीती मनातून समूळ गेली, अशी ती साक्ष होती. पहिल्या वर्षी चोर एक होता. पुढे दोन झाले, मग चार, आणि गेल्या वर्षीपासून त्यांच्या हातात सुरे आले. खरं काय घडलं होतं, तर मांजराने खिळ्यांचा डबा पाडला होता. हे बायकोला माहीत होतं. ती पहिल्या रांगेत बसून नवऱ्याच्या चोरांची ही वाढ निमूटपणे बघायची. साक्ष संपवून दादा गुडघे टेकायचा तेव्हा त्याच्या खिशातला किल्ल्यांचा जुडगा खणखणायचा. मंडळीला त्याची इतकी सवय झाली होती की तो वाजला की लोक आपोआप आमेन म्हणायचे.

पाळकसाहेबांना सगळं कळत होतं. पण चर्चच्या दाराचं कुलूप दादाने फुकट बसवून दिलं होतं, आणि फुकट कुलूप देणाऱ्याच्या साक्षीत चोर किती हे कोण मोजत बसतो?

एकाच बाबतीत दादाचं धर्माशी जमत नसे. पुनरुत्थानानंतरची ती गोष्ट. शिष्य घाबरून दारं लावून बसले होते, आणि दारं तशीच बंद असताना प्रभू त्यांच्या मधोमध येऊन उभा राहिला आणि त्याने त्यांना शांती दिली. ही गोष्ट वाचली जायची तेव्हा सगळ्यांचे चेहरे उजळायचे आणि दादाला दरदरून घाम फुटायचा. दार बंद. कडी जागेवर. कुलपाला ओरखडासुद्धा नाही. आणि खोलीत माणूस उभा! याहून भयंकर गोष्ट त्याने अख्ख्या धंद्यात ऐकली नव्हती. आलेला प्रभू होता म्हणून निभावलं, पण येण्याची वाट आहे म्हटल्यावर ती दुसऱ्या कुणाला सापडणार नाही कशावरून? हा प्रश्न त्याने पाळकसाहेबांना एकदा विचारलाही होता. साहेब म्हणाले, की यावर प्रार्थना करू.

बायकोचं मात्र वेगळं होतं. ती साक्ष कधी द्यायची नाही. शिवताना गुणगुणायची, झोपताना चार शब्द पुटपुटायची आणि पडल्या पडल्या झोपी जायची. या झोपेचा दादाला मनातून राग यायचा. आपण एवढा बंदोबस्त करायचा आणि झोपायचं हिने.

एकदा तिची बहीण लांबचा प्रवास करून अचानक आली. दादा बायकोला आत ठेवून, बाहेरून कुलपं लावून दुकानात गेला होता. हे तो अधूनमधून करायचा, तिच्याच सुरक्षिततेसाठी. बहिणीला अर्धा दिवस रस्त्यावर उभं राहावं लागलं. चहाचा कप गजांतून बाहेर जाईना, म्हणून बहीण लहानशा वाटीने चहा प्यायली. त्या संध्याकाळी बायकोने आवाज न चढवता सांगितलं.

"पुन्हा मला बाहेरून कोंडलंत, तर मी बहिणीकडे जाईन. आणि मग परत यायची नाही."

दादाने शपथ घेतली. ती बोलायची थोडं, पण बोललं की करायची, हे तो ओळखून होता. चोरांच्या खालोखाल आता त्याला या वाक्याची भीती वाटायला लागली, आणि या भीतीवर तर बाजारात कुलूपही मिळत नव्हतं.

त्याच सुमारास मंडळीने तीन संध्याकाळच्या सभा ठरवल्या. विषय होता भयमुक्त जीवन. बाहेरगावाहून एक नामांकित उपदेशक यायचे होते. ते आले, पाहुण्यांची खोली त्यांनी फिरून बघितली, पलंग दाबून बघितला, दाराची कडी हलवून बघितली, आणि पाळकसाहेबांना बाजूला घेऊन म्हणाले, की प्रवासात सोबत सामान असतं, तेव्हा इथे एखादं भक्कम कुलूप बसलं तर बरं होईल. दादाला बोलावणं गेलं. भयमुक्तीवर बोलायला आलेल्या माणसाच्या दारावर दादाने आपल्या दुकानातलं सगळ्यात महाग कुलूप बसवलं. उपदेशकांनी ते स्वतःच्या हाताने लावून, ओढून खात्री केली आणि देवाची स्तुती केली.

पहिल्या संध्याकाळी ते गरजले, की ज्याचा प्रभूवर भरवसा आहे त्याने उद्याची धास्ती घ्यायचीच नाही. दुसऱ्या दिवशी दादाच्या दुकानात मंडळीतली बरीच माणसं येऊन गेली. भीतीवर एवढं प्रवचन ऐकल्यावर भीतीची आठवण ताजी होणारच. शिवाय दोन गल्ल्या पलीकडे घरफोडी झाल्याची बातमी त्याच दिवशी पसरली होती. एकाने एक घेतलं, दुसऱ्याने दोन घेतली, आणि गायकवृंदाच्या बाई तर कडी-कोयंड्याचा अख्खा संचच घेऊन गेल्या. दादाने हिशेब केला, की अशा सभा वर्षातून दोनदा तरी व्हायला हव्यात.

पण घरफोडीची बातमी त्याच्याही पोटात जाऊन बसली होती. शेवटच्या संध्याकाळी त्याची साक्ष ठेवलेली, आणि बायको येणार नव्हती. कपडे द्यायचे आहेत, असं ती म्हणाली. तुमचे चोर मला पाठ आहेत, असंही म्हणाली. दादाने कोट चढवला, तिला बजावून कडी लावायला सांगितली, आणि ती वाकून, कण्हून कडी सरकवते आहे हे बाहेर कान लावून ऐकलं. मग तो दाराशी उभा राहिला. जायला हवं होतं. दोन गल्ल्या पलीकडे घर फोडलं होतं. त्याने जुडगा रुमालात गुंडाळला, म्हणजे वाजणार नाही, आणि एकेक किल्ली हळूच फिरवून दोन्ही कुलपं लावली. इतक्या हलक्या हाताने कुलूप लावणारा माणूस पंचक्रोशीत नव्हता. पण याच माणसाबरोबर तीस वर्षं संसार केलेल्या बाईच्या कानांचा त्याने विचार केला नाही.

सभागृह गच्च भरलं होतं. उपदेशकांनी नेमकी तीच बंद दारांची गोष्ट घेतली होती, त्यामुळे दादाला आधीच घाम फुटला होता. त्याचं नाव पुकारलं गेलं तसा तो व्यासपीठावर चढला आणि सुरू झाला. त्या दिवशी चोर पाच होते. सुरे होतेच. बायका पदराने डोळे टिपायला लागल्या. दादाचा सूर लागला होता.

"भीती कशाला म्हणतात," तो हात पसरून म्हणाला, "ते मी विसरून गेलो आहे."

सभागृहाचं मागचं दार उघडलं आणि त्याची शेजारीण आत आली. ती नर्स होती, नुकतीच ड्यूटीवरून आलेली, अंगात अजून पांढरे कपडे. ती रांगांच्या मधून सरळ पुढे आली आणि खालूनच बोलली.

"दादा, तुमच्या बाई पडल्यात. भिंतीपलीकडून हाका मारताहेत. मी दाराशी जाऊन आले, पण तुमचं घर काही उघडत नाही."

दादाने व्यासपीठावरून उडी टाकली. जुडगा अख्ख्या सभागृहात खणखणला. सवयीने दोन-चार जण आमेन म्हणाले. उपदेशकांनी माइक हाती घेतला आणि आपण सगळे इथेच बसून प्रार्थना करू असं सुचवलं, पण निम्मी मंडळी तोवर दादाच्या मागे पळाली होती. काही मदतीला, काही बघायला.

जो हात गप्पा मारता मारता तारेने कुलूप उघडायचा, त्याच हाताला आता स्वतःच्या किल्लीने स्वतःचं कुलूप उघडेना. जुडगा एकदा पडला, परत पडला. कसंबसं एक निघालं, मग दुसरं. त्याने दार ढकललं. दार हललं नाही. हलणार कसं? तळाशी कडी होती.

मंडळीतले तरणे गडी पुढे सरसावले आणि त्यांनी खांदे लावले. दाराने त्यांची दखलही घेतली नाही. एकजण म्हणाला, खिडकीतून जाऊ. दादाने गजांकडे बोट दाखवलं. दुसऱ्याने मागच्या दाराचं विचारलं. ते मी बुजवलं, दादा म्हणाला. आणखी कुणाला चौकट उखडायची कल्पना सुचली. तिला पट्ट्या आहेत, आतून सिमेंट आहे, दादा म्हणाला, आणि त्याला आपल्याच आवाजाची शिसारी आली. हत्यारं गावाच्या दुसऱ्या टोकाला दुकानात होती, आणि दुकानाला घराहून जास्त कुलपं होती. नर्स औषधाची पेटी हातात धरून पायरीशी उभी होती. बाई दाराच्या पलीकडेच होती आणि तिला हात लावता येत नव्हता.

आतून आवाज आला. बारीक, पण नेहमीसारखा शांत.

"अहो, आलात का?"

"आलो."

"साक्ष झाली?"

"अर्धी राहिली," दादा म्हणाला. खरं काय ते बोलायची त्याला कितीतरी दिवसांत वेळ आली नव्हती.

तिने सांगितलं, की स्टुलावरून पडले, पाय मोडलाय बहुतेक, उठता येत नाही. दादा म्हणाला, मी दुकानातून ड्रिल घेऊन येतो, पळत जातो.

"जाऊ नका. इथेच बसा. मी येते कडीपाशी."

मग आतून फरफटण्याचा आवाज यायला लागला. थोडा वेळ यायचा, थांबायचा. थांबला की दादाचाही श्वास थांबायचा. तो उंबरठ्यावर आडवा झाला, कोटासकट, आणि दाराखालच्या फटीला त्याने गाल लावला. मागे रस्ता होता, माणसं होती, जुडगा कुलपात तसाच लोंबकळत होता, कुणीही काढून नेला असता. आयुष्यात पहिल्यांदा तो रस्त्याकडे पाठ करून पडला होता आणि हे त्याच्या ध्यानातही नव्हतं.

त्याला प्रार्थना करायची होती. मंडळीत त्याच्यासारखी प्रार्थना कुणाला येत नसे. मोठमोठी वळणदार वाक्यं, मध्ये योग्य जागी हुंदका. त्यातलं एकही वाक्य आता जवळ येईना. शेवटी फटीला तोंड लावून तो पुटपुटला, "प्रभू, मला आत जाता येत नाही. तू जा. दार बंद आहे, पण तू जा."

आणि बोलून झाल्यावर आपण काय बोललो हे त्याला कळलं. बंद दारातून आत येणाऱ्याच्या धास्तीने ज्याने अर्धं आयुष्य जागून काढलं, तोच आता त्याला आत जा म्हणून गयावया करत होता.

फरफट पुन्हा सुरू झाली. दादा तसाच पडून होता. पाय मोडलेला होता, दार बंद होतं, बघे उभे होते, काहीही बदललेलं नव्हतं. पण छातीत वर्षानुवर्षं आवळून बसलेलं काहीतरी सैल झालं होतं. भीती गेली नव्हती. बायको मरेल की काय, ही भीती समोर ढळढळीत होती. पण त्या भीतीच्या शेजारी आणखी कुणीतरी येऊन बसलं होतं आणि ते भीतीहून मोठं होतं. ते कुठल्या फटीतून शिरलं, हे दादाला कळलं नाही, आणि नवल म्हणजे त्याने ते शोधलंही नाही.

कडी तळाशी होती म्हणून आडव्या पडल्या पडल्या तिचा हात पोचला. कडी सरकली तसं दार उघडलं. नर्स आधी आत गेली आणि तिने पायाचा ताबा घेतला. दादा गुडघ्यांवर सरकत बायकोपाशी गेला. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, केस कपाळाला चिकटले होते.

"एकटीच होतीस एवढा वेळ," तो म्हणाला. "घाबरलीस ना?"

"एकटी नव्हते."

जन्माची सवय एका दिवसात जात नाही. दादाने चटकन तिच्या डोक्यावरून आतल्या खोलीत नजर टाकली. ती नजर बायकोने ओळखली आणि पाय मोडलेला असतानाही तिला हसू फुटलं.

"त्याला तुमच्या कुलपांची अडचण नाही हो," ती म्हणाली. "चोरांनाही नाही, हे तुम्हीच सांगता. अडचण झाली ती या नर्सबाईंना."

पण नजर टाकली तेव्हा दादाला खोलीत एक गोष्ट दिसली होती. कपाटाशी स्टूल आडवं पडलं होतं आणि त्याच्या शेजारी कपाटावरची प्रवासाची बॅग. कुलपं लागल्याचा आवाज ऐकून तिने काय काढायला स्टूल लावलं होतं हे विचारायची गरज नव्हती.

पायाला प्लॅस्टर बसलं. मंडळीत या प्रकरणाचा चमत्कार व्हायला वेळ लागला नाही. प्रभूने दूरदृष्टीने दादाकडून कडी तळाशी बसवून घेतली, असं चर्चच्या समितीचं मत पडलं. भेटायला आलेल्या बायकांनी हे बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, की प्रभूवर कशाला ढकलता, इतकी वर्षं वाकले ते माझ्या कमरेला विचारा. उपदेशक दुसऱ्याच दिवशी गावाला गेले. जाताना त्यांनी खोलीच्या दारावरचं कुलूप काढून सोबत नेलं.

पुढच्या उपासनेत दादाला उरलेली साक्ष पुरी करायला उभं केलं. तो म्हणाला, की चोर नव्हतेच, मांजर होतं. तो म्हणाला, की मला भीती वाटते, परवाही वाटत होती, आत्ताही वाटते आहे, पण आता ती वाटताना मी एकटा नसतो. आणि खाली बसला. मंडळी खट्टू झाली. पाच चोरांची सवय लागलेल्या माणसांना मांजर कसं पुरणार? त्यानंतर त्याला कुणी साक्षीला बोलावलं नाही. निरोप घेताना पाळकसाहेबांनी मात्र त्याचा हात जरा जास्त वेळ धरला.

घरी येऊन दादाने स्क्रू काढायला घेतले. दोन्ही कुलपं निघाली, खालची कडी निघाली. विटा फोडून मागचं दारही त्याने मोकळं केलं, आणि बायकोच्या खाटेवर कित्येक वर्षांनी ऊन पडलं. दाराला साधी कडी राहिली, मध्यावर, बाईमाणसाच्या हाताला येईल अशी. पहिल्या रात्री दादाला झोप लागली नाही. दुसऱ्या रात्रीही लागली नाही. पण तो उठून दाराशी गेला नाही. पडल्या पडल्या चार शब्द पुटपुटला आणि बायकोच्या श्वासाचा आवाज ऐकत राहिला. पुढे केव्हातरी त्याचा डोळा लागला.

प्लॅस्टर निघायच्या दिवशी घर आवरताना त्याने ती बॅग उचलली. रिकामीच होती. तो ती परत कपाटावर ठेवायला गेला.

"वर नको," खाटेवरून बायको म्हणाली. "खालीच राहू द्या, माझ्या हाताशी."

दादाने बॅग तिच्या खाटेजवळ ठेवली. बॅगेच्या चेनला एक छोटं पितळी कुलूप होतं, कधीकाळी त्यानेच लावलेलं. ते त्याने काढून खिशात टाकलं.